सोडवायची राहिलेली खोली

मिलिंद, तू सांगितलेलं काम झालेलं नाही.

मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत यावी, असं मी वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्यभर नव्या पोरांना सांगत आलो, म्हणून तुलाही तशीच कळवतो. रुग्णालयात तू मला म्हणाला होतास, "ती खोली तशीच ठिवू नको. सोडव. वीट न् वीट येगळी कर आन डब्यात घाल." मी हो म्हणालो. तुझा अंत्यविधी झाला आणि पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी सिडकोतल्या तुझ्या घरी गेलो, मागच्या खोलीतल्या टेबलासमोर बसलो आणि वरच्या थरातली एक वीट अंगठ्याने उचलायला गेलो. ती हलली नाही. शेजारची हलली नाही. जरा जोर लावला तर सगळी खोलीच पायासकट उचलली गेली. कोणीतरी ती गोंदाने चिकटवून टाकली होती.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तुला पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी एवढंच, की तू वाळूजच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचास आणि घरी आलास की लहान मुलांच्या त्या प्लास्टिकच्या विटांनी इमारती बांधायचास. एका विटेच्या डोक्यावरच्या गुंड्या दुसरीच्या पोटात बसतात आणि घट्ट धरतात, त्या विटा. शहरात रुंदीकरणात, लिलावात, वाटण्यांत जे जे पडलं, ते तू बांधलंस. टॉकीज, हर्सूलच्या रस्त्यावरचा जकात नाका, एक पेट्रोल पंप, एका शाळेची मधली इमारत. आणि बांधलेलं प्रत्येक काम काही आठवड्यांनी तू स्वतः उकललंस. गोंद हा शब्द तुझ्या घरात शिवीसारखा होता. "पकड असंल तर गोंद कशाला? आन पकड नसंल तर बांधायचंच कशाला?" असं तू म्हणायचास. म्हणून त्या दुपारी टेबलापाशी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. तो राग होता. दुःखाची पाळी नंतर आली.

आपली ओळखही रागातूनच झाली. शिंप्यांच्या दुकानांची एक जुनी ओळ महापालिकेने रस्त्यासाठी पाडली आणि पडण्याआधीचा तिचा फोटो आम्ही छापला. दोन दिवसांनी तू कात्रण घेऊन जिना चढून आलास. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता.

"साहेब, ह्यो फोटो उलटा छापलाय."

"कशावरून?"

"लायटीचं मीटर डाव्या हाताला व्हतं. तुमच्यात उजव्या हाताला आलंय."

"उलटा असता तर दुकानांच्या पाट्या उलट्या दिसल्या असत्या."

"पाट्या कुठंयत? बिचाऱ्यांनी पाट्या काढून नेल्यावर काढलाय तुम्ही फोटो."

मी कात्रण पुन्हा पाहिलं. पाट्या नव्हत्या. निगेटिव्ह मागवली, ती सापडली नाही. मी तुला सांगितलं की दुरुस्ती छापायची तर पुरावा लागतो, रोज तिथून जाणाऱ्याची आठवण चालत नाही. "आणतो," एवढंच म्हणून तू उतरलास. पुन्हा आलास तेव्हा हातात प्लायवूडची फळी होती आणि फळीवर टॉवेल झाकलेला होता. टॉवेल काढलास आणि सगळं डेस्क गोळा झालं. अर्ध्या वर केलेल्या शटरांची दुकानं, एका दुकानात चार-पाच तुकड्यांचं शिवणयंत्र, आणि डाव्या हाताच्या भिंतीवर एक करडी वीट. ते मीटर.

"ह्यो घ्या पुरावा."

"लेकराचं उचलून आणलं का?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"नाय. माझंच हाय."

सगळे हसले. मी हसलो नाही, पण जे बोललो ते हसण्याहून बरं नव्हतं. मी म्हणालो, "हा पुरावा नाही. ही तुमची आठवण आहे." तू म्हणालास, "मग तुमचा फोटो काय हाय?"

दुरुस्ती छापली नाही. निगेटिव्ह मिळाली नाही. तो फोटो उलटा होता की सुलटा, हे आजही मला सांगता येत नाही. तुझ्यामाझ्यातला हा वाद कधी मिटला नाही, फक्त तू मला साहेबऐवजी संपादक म्हणायला लागलास. मी संपादक कधीच झालो नाही. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच म्हणायचास.

त्यानंतरचे रविवार आठवतात. जाफर गेटच्या बाजारात जुन्या खेळण्यांचं पोतं उपडं करून बसलेला तो विक्रेता. तुझ्या शर्टाच्या खिशात कायम एक लाल वीट असायची, तुझं गेज. ढिगातली प्रत्येक वीट तू तिच्यावर बसवायचास, उलटी धरायचास, झटका द्यायचास. पडली तर "रिजेक्ट", राहिली तर "पास". उन्हात तासभर हे चालायचं.

"काका, पोट्टे के वास्ते ले रे क्या?" त्याने पहिल्यांदा विचारलं होतं.

"नै रे, मेरेच वास्ते."

"फिर तो पूरा बोरा उठाव. बड़े पोट्टे कू जादा लगता."

पुढे तोही तुझ्या तपासणीला कंटाळला. "चीज ले रे के रिश्ता देख रे?" असं म्हणाला, तेव्हा तू विटेवरची नजर न काढता म्हणालास, "रिश्ते में इत्ता देखते तो आधे घरां नै टूटते." तो हसला, मी हसलो. तुझ्या तोंडून घराबद्दल असं काही आलं की ते विनोदाच्या आत गुंडाळलेलं असायचं. मी बातमीदार असून ते उलगडून पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्या विटा धुवायच्या. आपल्या गावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे नव्याने लिहायची गरज नाही. त्या मोजक्या पाण्यातली एक बादली तू विटांसाठी काढायचास आणि शोभावहिनींचा आवाज चढायचा.

"माणसांच्या आंघोळीला तांब्या अन् ह्यांच्या विटांना बादली!"

"तेच पाणी मागून झाडाला घाल की."

"झाडाला साबणाचं? झाडाला पन फेस आणता का आता?"

धुतलेल्या विटा गच्चीवर, पण कापडाखाली, कारण थेट उन्हात पांढरी वीट पिवळी पडते. मग डबे. मी रंगाप्रमाणे लावायला गेलो तेव्हा तू माझा हात धरलास. आकाराप्रमाणे लावायचं, म्हणालास. लाल ढिगात लाल तुकडा दिसत नाही. वेगवेगळ्या रंगांत मात्र हवा तो रंग डोळ्याला आपोआप सापडतो. एखादा जोड ओढूनताणून बसवावा लागला, विटेवर ताण आला, की तू त्याला "अतिक्रमण" म्हणायचास आणि काढून टाकायचास. हे सगळं मी तुझ्याकडून शिकलो आणि त्याचा मला कधी काही उपयोग झाला नाही. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. उपयोग नसलेलं इतकं नीट शिकवणारा दुसरा कोणी मला भेटला नाही.

पहिल्यांदा तू माझ्यासमोर टॉकीज उकललीस, तेव्हा मी विरोध केला होता. दोन महिन्यांचं काम. बाल्कनीतल्या खुर्च्यांची रांग, तिकिटाची जाळी, सगळं.

"राहू दे की रे. शहरात त्याचा दुसरा पुरावा नाही."

"आता पुरावा झाला व्हय? तवा तर आठवण व्हती."

"मोडतोस कशाला?"

"मोडत नाय. सोडवतोय. ते पाडत्यात, मी सोडवतो."

"फरक काय?"

"त्यांनी पाडलं की राडा ऱ्हातो. मी सोडवलं की वीट ऱ्हाती. हिचंच पुढचं व्हतं."

मी ते वाक्य बरीच वर्षं लोकांना ऐकवलं. मला त्यात एक तत्त्व दिसायचं. आता, तू उत्तर द्यायला नसताना, माझं मत लिहून ठेवतो: तो हट्ट होता. आणखी विटा तुला मिळाल्या असत्या. जागाही होती. पाडणाऱ्यांच्या आधी आपण उकललं की आपल्याकडून कोणी काही हिरावलं असं होत नाही, एवढाच तो हिशेब होता. तू स्वतःला वाचवत होतास. त्या घरात तुझ्याखेरीज आणखी कोणाला वाचवायची गरज आहे का, हे तू पाहिलं नाहीस, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या मीही पाहिलं नाही.

गंगापूरला तुझ्या चुलतभावाच्या लग्नात मी होतो. जेवणाच्या पंगतीत एक बाई दुसरीला म्हणाली, आवाज मुद्दाम न दाबता, "लेकरू नाय ना, म्हणून खेळणी आणत्यात." तू ऐकलंस. हातातला घास न ठेवता म्हणालास, "मावशे, लेकराला भूक लागती, ह्यांना लागत नाय. स्वस्तात पडतं." पंगत हसली. मावशी खजील झाली. तुला वाटलं, छान सुटलो. वहिनी तुझ्या पलीकडे बसल्या होत्या. त्यांनी पानातला भात बाजूला सारला आणि पाणी प्यायल्या. तू पाहिलं नाहीस. तू पुढच्या विनोदाकडे निघाला होतास.

त्यांनी तुझ्याकडे आयुष्यभर एकच इमारत मागितली. माझ्यासमोर कितीदा तरी मागितली.

लग्नानंतर तुम्हाला खोली मिळत नव्हती. तुला पगार होता, कंपनीचं ओळखपत्र होतं. घरमालक चहा विचारायचे, मग आडनाव विचारायचे, मग त्यांना आठवायचं की खोली पुतण्यासाठी ठेवलेली आहे. असे किती पुतणे या शहरात खोल्या अडवून बसले होते, याची बातमी आम्ही कधी केली नाही. शेवटी चेलीपुऱ्यात एका म्हाताऱ्या मुस्लिम बाईने, सगळे तिला खाला म्हणायचे, माडीवरची खोली दाखवली. तू स्वतःहून आडनाव सांगायला लागलास, कारण सामान आणल्यावर हाकललं जाण्यापेक्षा ते बरं. खाला म्हणाली, "पानी वख्त पे भर लेना. नाम-गाँव से मेरेकू क्या करना." ती एक खोली. पुढे तुम्ही सिडकोत आलात, खाला वारली, रस्ता मोठा झाला आणि ती माडी गेली.

"ती बांधा ना एकदा," वहिनी म्हणायच्या.

"माप नाय माझ्याकडं."

"जकात नाक्याचं व्हतं का माप?"

"त्यो मी रोज बघत व्हतो."

"आन खोलीत काय डोळे झाकून ऱ्हात व्हता?"

तू हसून विषय टाळायचास. टॉकीज झाली, पंप झाला, शाळा झाली. लोकांचं सगळं झालं. तुझा आजार कळला आणि त्यानंतरच्या रविवारी मी आलो, तर टेबलावर नवा पाया मांडलेला होता. आणि टेबलाच्या तिसऱ्या बाजूला, पहिल्यांदाच, वहिनी बसल्या होत्या. माप त्यांच्याकडे होतं.

"खिडकी इतकी मोठी नव्हती. उशी वाळत टाकली की झाकायची."

"उशी केवढी?"

"आपली उशी माहीत नाय तुम्हाला?"

"बरं. भिंत?"

"दोरीवर साडी चार पदरी करूनच मावायची. तेवढी."

तू साडीची लांबी चाराने भागून विटा मोजल्यास. स्टोव्हची जागा त्यांनी तीनदा बदलायला लावली. तू तीनदा बदललीस. कोनाड्यातली तसबीर, दाराशी पाण्याचं पिंप, माळवदावर जायची शिडी. शिडीला सात पायऱ्या की आठ, यावरून तुम्ही असे भांडलात की मी चहा घेऊन गच्चीत गेलो. तुझे हात तेव्हा थरथरायला लागले होते आणि तुझ्या हातून सुटलेली वीट खाली पडण्याआधी त्या झेलत होत्या. तुमच्या घरात मी इतकी वर्षं आलो, पण तुम्ही दोघं एका कामावर वाकलेली मी तेव्हाच पाहिली. हे मी कृतज्ञतेने लिहितो. त्यापुढचं तसं लिहिता येणार नाही.

खोली पूर्ण झाली आणि तुला दाखल केलं. तिथे तू मला ते काम सांगितलंस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ती खोली विहाराशेजारच्या सभागृहात, फुलांच्या मधोमध, तुझ्या फोटोशेजारी ठेवली होती. भन्तेंनी त्रिशरण दिलं तोवर सगळं ठीक होतं. मग भाषणं झाली. तुझ्या कंपनीचे निवृत्त मॅनेजर, ज्यांनी तुला कँटीनमध्ये "खेळणीवाले" हे नाव दिलं, ते म्हणाले की मिलिंदरावांनी स्वतःमधलं लहान मूल शेवटपर्यंत जपलं. टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी दोघांनी वाजवल्या. वॉर्डातले एक पुढारी म्हणाले की शहराचा वारसा जपणारा कलावंत हरपला. तू बांधलेल्यातलं निम्मं पाडलं गेलं तेव्हा ते कुठे होते, हे मला नेमकं ठाऊक आहे. आमच्याच पानावर त्यांचा रुंदीकरणाचा नारळ फोडतानाचा फोटो होता. गंगापूरची मावशीही आली होती. ती सगळ्यांत जास्त रडली.

तुझ्यात लहान मूल नव्हतं. लहान मुलं बांधलेलं ठेवा म्हणून रडतात.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नकार दिला. मी फक्त तो गोंद कोणाचा, हे शोधत होतो. खोली सभागृहात आणायचं काम वहिनींच्या भावाने केलं होतं. वाटेत टेम्पोत हलू नये म्हणून त्यानेच आधी हा शहाणपणा करून ठेवला, असं मी धरून चाललो होतो. खातरजमा न करता धरून चाललो होतो, हे नोंदवायला हवं. मी त्याला चपला घालताना गाठलं.

"कुणाला विचारून चिकटवलीत?"

"म्या? म्या कशाला चिकटवू? उचलाया गेलो तवाच घट्ट व्हती. मला वाटलं दाजी अशीच करत असतील."

"दाजी अशी करत नव्हते."

"मग ताईला इचारा की. माझ्यावर कामून डाफरता?"

पाहुणे गेल्यावर मी सिडकोत गेलो. खोली पुन्हा मागच्या टेबलावर आली होती. फुलांच्या पाकळ्या माळवदावर चिकटल्या होत्या. मी वहिनींना विचारलं. त्या पदराने पाकळ्या उचलत होत्या.

"मीच," त्या म्हणाल्या.

मी टेबलाशी खुर्ची ओढून बसलो.

"खालून वरपर्यंत, एकेक थर काढून. ट्यूबा कमी पडल्या, पुन्हा आणल्या. ह्यांनी शिकवलं व्हतं ना काढायचं कसं. तसं काढलं आन चिकटवून लावलं." मग त्यांनी खोली माझ्याकडे वळवली. "पन भाऊजी, हे काय झालं बघा ना. हे धुतल्यावर निघंल का?"

खिडकीचे पारदर्शक तुकडे पांढुरके झाले होते. झटपट चिकटणाऱ्या त्या गोंदाची वाफ अशी बसते. काचेवर आतून कोणी श्वास सोडल्यासारखं दिसत होतं. ते निघत नाही. मी तसं सांगितलं.

"मग चुकलंच म्हणायचं."

तुझ्या बाजूने बोलायची ती वेळ होती. मी तुझा निरोप आणला होता. तुझे नियम मला पाठ होते. पकड, गोंद, पुढचं काम, सगळं. उलट आयुष्यभर मी तुझ्याशी भांडलो होतो ते नेमकं याच्याच बाजूने: ठेव, राहू दे, एक तरी राहू दे. आता एक राहिली होती. तिचा एक तुकडाही पुन्हा कशाच्या उपयोगाचा नव्हता. वाद मी जिंकलो होतो आणि ज्याच्याशी घातला तो कबूल करायला उरला नव्हता.

"त्याने मला ती सोडवायला सांगितली होती, वहिनी," मी म्हणालो. एवढं तरी सांगणं भाग होतं.

"माहीत हाय."

त्या खुर्चीत बसल्या, टेबलाच्या त्या तिसऱ्या बाजूला.

"पाडणारे पाडून गेले. हे बांधायचे आन सोडवायचे. आमच्या घरात कायबी ऱ्हायलं नाय, भाऊजी. लोक काय म्हणायचे ते तुम्हीबी ऐकलंय. मी म्हणलं, ही एक ऱ्हाऊ द्यावी. ही काय टॉकीज नव्हती."

"कधी चिकटवलीत?"

"ते दवाखान्यात व्हते तवाच. एक दिवस तिथून निघाले, वाटंत ट्यूबा घेतल्या आन आले."

मी आणखी विचारलं नाही. वार्ताहर असताना मी पुढचा प्रश्न विचारला असता. त्याऐवजी त्यांनीच मला विचारलं.

"तुम्हाला सांगितलं ह्यांनी. मला का नाय सांगितलं?"

मिलिंद, हा प्रश्न तुझा आहे. मी तो फक्त तुझ्यापर्यंत पोचवतो. तू माझ्याकडे उत्तर ठेवून गेला नाहीस. जिने उशीवरून खिडकी मोजून दिली, जिने पडणारी वीट झेलली, तिची ती खोली होती, आणि ती उकलायचा निरोप तू रविवारी येणाऱ्या एका मित्राकडे दिलास. तुला तिचं रडणं बघायचं नव्हतं की तिचा नकार ऐकायचा नव्हता, मला कळत नाही. दोन्हींत तुझीच सोय होती.

"तुम्ही तेव्हा औषधं आणायला खाली गेला होतात," मी म्हणालो. "त्याला तुम्हालाच सांगायचं होतं. तुम्ही नव्हतात, म्हणून मला सांगितलं."

हे खरं नाही. औषधं सकाळीच आली होती. तू मला म्हणालास, "ते दार लोटून घे, ती बाहेर हाय," आणि मी उठून लोटलं. त्या दाराला कडी लागत नव्हती. ते वीतभर उघडं राहिलं आणि त्या फटीतून मला बाहेरच्या बाकावर त्यांच्या साडीचा काठ दिसत होता. पलंगावरून तुला दिसत नव्हता. मी परत येऊन बसलो, तू बोललास, मी हो म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग खोलीच्या माळवदावर राहिलेली एक पाकळी नखाने उचलली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "औषधं आणायलाच गेल्ते मी."